अंश माहीत, छेद कुठे?

‘डॉक्टर, अलीकडे कॅन्सर फार वाढलाय का हो?’ हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्याला ‘हो’ हेच उत्तर हवे असते, आणि आम्ही डॉक्टर मंडळी ते देऊनही टाकतो. वास्तविक एका दवाखान्यात यंदा दोन रुग्ण जास्त दिसले म्हणून सोलापूर जिल्ह्याबद्दल काहीच सांगता येत नाही. शेजारचा दवाखाना बंद झाला असेल, किंवा तपासणीची सोय वाढली असेल. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत बोलायचे तर डॉक्टरजवळ फक्त अंश असतो. किती माणसांपैकी इतके आजारी, हा छेद दवाखान्याबाहेर असतो. तो धरून रोगाचे प्रमाण आणि कारणे शोधण्याचे शास्त्र म्हणजे एपिडेमिऑलॉजी. मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. पण मधुमेह, कर्करोग, बाळंतपणातले मृत्यू यांनाही ते तितकेच लागू पडते.

हे शास्त्र कसे चालते ते पाहायला आपल्याला विलायतेला जायला नको. १९८७ साली आपल्याच बार्शीत, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, टाटा मेमोरियल सेंटरच्या साहाय्याने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे त्यात होती. शहरात अशा नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांचे कागद चाळतात. इथे तेवढ्याने भागणारे नव्हते. अंगावरून जाते, हे खेड्यातली बाई सासूलाही सांगत नसे, मग रुग्णालयात कुठली जाणार? ती घरीच वारली तर मृत्यूचे कारण कागदावर येण्याचा संभवही थोडाच. तेव्हा डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकर्ते तयार करून गावोगाव पाठवले. न भरणारी जखम, गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, अशी लक्षणे लोकांना समजावून सांगायची आणि संशय आला तर तपासणीला आणायचे, असे हे काम.

त्यातून दिसले ते असे, की एकूण कर्करोग शहरांपेक्षा बराच कमी, पण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे. आणि लोकांना लक्षणे कळू लागल्यावर काही वर्षांतच हा रोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाणही वाढले.

अशी तुलना करताना एक पथ्य असते. ज्या गावातली तरणी मुले कामाला पुण्याला गेली, तिथे म्हातारी माणसे उरतात आणि ते गाव उगाच जास्त रोगट दिसते. म्हणून आधी वयाचा फरक काढून टाकायचा, मग आकडे शेजारी ठेवायचे. वर्तमानपत्रातल्या निम्म्या आरोग्यविषयक बातम्या या एका चाळणीतून गळून पडतील. (यात आरोग्याची सदरेही आली!)

पुढे १९९९ मध्ये याच मंडळींनी टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवलेले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, एचपीव्ही विषाणूची चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नुसत्या नेहमीच्या सेवेवर राहिलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. म्हणजे लाखामागे शंभर विरुद्ध दोनशे. २००९ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले आणि जगभर त्यांचा आधार घेतला गेला. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे टीकाही झाली. मला ती टीका गैरवाजवी वाटत नाही. ज्या बायांच्या मृत्यूंवरून जगाला हे कळले, त्यांच्या गावांना तरी चाचणी आधी मिळायला हवी होती.

प्रत्यक्षात काय घडले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया होत्या १.९ टक्के. आमचे डॉक्टरबंधू मात्र सी.एम.ई.ला जमले की नव्या अँटिबायोटिकवर तासभर ऐकतात. वैद्यकीय महाविद्यालयात पी.एस.एम.चा तास हा मागच्या बाकावर डुलकी घेण्याचा तास समजला जाई, त्याचे हे फळ!

खासगी डॉक्टरांनी मोठी संशोधने करावीत असे माझे म्हणणे नाही. बाह्यरुग्णांच्या नोंदवहीत वय, गाव किंवा पेठ, व्यवसाय आणि निदान एवढे चार रकाने नेमाने भरावेत. सोलापुरात व्यवसायाचा रकाना फार बोलका ठरेल. विडी वळणारी बाई आणि यंत्रमागावरचा कामगार, दोघांच्या खोकल्यापुढे आज नुसते ‘खोकला’ लिहिले जाते. छेदासाठी २०११ ची जनगणना जुनी झाली. पण आशाताईंच्या घरोघरच्या याद्या आहेत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मागाव्यात. एका पेठेतल्या दहा दवाखान्यांनी वर्षभर हे केले तरी पहिल्यांदाच त्या पेठेचे चित्र दिसेल. ज्या डॉक्टरमित्रांना रकान्यांचा नमुना हवा असेल, त्यांनी या सदराच्या पत्त्यावर कळवावे. फुल्स्केपच्या एका पानात तो मावतो.