आखाड्यात लेक, नियम आईलाही हवेत

चैत्र लागला की आमच्या मुळशी तालुक्यात गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते. लवळे काय नि शेजारची गावं काय, रात्री छबिना झाला की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा ठरलेला. पूर्वी आखाड्यात बायकांचं कामच नसायचं. आपण घरी पुरणपोळ्या लाटायच्या आणि कोण चितपट झालं ते संध्याकाळी ऐकायचं. आता आपल्याच लेकी लाल मातीत उतरू लागल्यात. टाळ्या पडतात, इनाम मिळतं. पण मैत्रिणींनो, लेक कोणत्या नियमानं खेळते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असतं?

जत्रेतली कुस्ती बहुतेक वेळा निकाली असते. पाठ टेकली की हार, नाहीतर पंच बरोबरीत सोडवतात. गुण नाहीत आणि वेळेचं बंधनही आयोजक ठरवतील तेवढंच. स्पर्धेतली गादीवरची कुस्ती मात्र निराळी. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते. समोरचीला खाली घेऊन ताबा मिळवला की 2 गुण. तिची पाठ गादीकडे वळवली, म्हणजे आपल्याकडे ज्याला भारंदाज म्हणतात ते केलं, तरी 2. वर्तुळाबाहेर ढकललं तर 1. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. दोन्ही खांदे टेकवले तर गुण कितीही असोत, निकाल लागलाच.

या फ्रीस्टाइल प्रकारात पाय धरता येतात, पट काढता येतो. दुसरा प्रकार ग्रीको-रोमन. त्यात कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायांचा वापरही करायचा नाही. ऑलिंपिकमध्ये तो फक्त पुरुषांसाठी आहे. बायकांना तिथं प्रवेश मिळाला तोच 2004 साली अथेन्सला, आणि तोही फ्रीस्टाइलमध्येच.

नियम कळले की खेळ कसा बदलतो ते पाहा. 2016 साली रिओमध्ये साक्षी मलिक 0-5 अशी मागे होती. निव्वळ ताकदीचा हिशेब असता तर तिनं तिथंच हाय खाल्ली असती. पण घड्याळात वेळ शिल्लक होता. एकेक गुण कमावत तिनं 8-5 नं बाजी मारली आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले होते. 1948 साली लंडनला ते गादीवर उतरले आणि सहावे आले. मग गादीची कुस्ती नेटानं शिकून 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. म्हणजे माती आणि गादी यांत भांडण नाही. फक्त दोन्हींची रीत ठाऊक हवी.

आता माझं खरं म्हणणं. जत्रेत मुलींची जोड कशी लावतात? दोघींना शेजारी उभं करायचं, उंची बघायची, झालं! एक चाळीस किलोची, दुसरी पन्नासची. मान मुरगळली, खांदा निखळला, तर इनामाच्या पैशांत दवाखान्याचं बिलसुद्धा भागत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की ज्या गावाला मुलींच्या कुस्त्या ठेवायच्या असतील, त्यानं आखाड्याशेजारी आधी वजनकाटा ठेवावा. वेळ ठरलेली असावी, पंचांत एखादी जाणती बाई असावी आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी असावी. हलगीवाल्याला बोलावता येतं, तर काटा का आणता येत नाही?

वजनाची दुसरी बाजू थेट आपल्या स्वयंपाकघरात येते. 2024 साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटात अंतिम फेरीत पोचली. लढतीच्या दिवशी सकाळी वजन फक्त 100 ग्रॅम जास्त भरलं आणि ती स्पर्धेतूनच बाद झाली. नियम इतका काटेकोर! पण हे ऐकून कुणी आपल्या चौदा वर्षांच्या पोरीला उपाशी ठेवणार असेल, पाणी तोडणार असेल, तर ते चूक आहे. वाढत्या वयातल्या मुलीनं पोटभर खाऊन जे वजन भरेल त्याच गटात खेळावं. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावं. पाळी चुकू लागली, चक्कर येऊ लागली, तर ‘खेळात असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. वस्तादांना तसं ठणकावून सांगायला आईनं कचरू नये.

आणि हो, हार पचवायलाही नियमच शिकवतात. 2025 साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला. पंचाला लाथ मारल्यामुळे शिवराज राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. गदा आमच्या मुळशीतल्या मुठा गावच्या पृथ्वीराज मोहोळकडे गेली, पण लोकांच्या तोंडी वादच जास्त राहिला. निर्णय पटला नाही तर गादीवर दाद मागायची रीत आहे. प्रशिक्षकानं व्हिडिओ तपासायची मागणी करायची. ती फेटाळली गेली तर समोरचीला एक गुण जातो, म्हणून तीही विचार करूनच करायची.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून चालू आहे. महिलांची पहिली स्पर्धा व्हायला 2023 उजाडलं. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत तिथल्याच प्रतीक्षा बागडीनं मान मिळवला. इतक्या उशिरा उघडलेलं दार एखाद्या दुखापतीनं किंवा उपासमारीनं आपल्या लेकीसाठी बंद व्हायला नको. यंदाच्या जत्रेची बैठक बसेल तेव्हा महिला मंडळातल्या दोघी-चौघींनी जाऊन बसा. वर्गणी आपणही देतो ना? मग पहिला प्रश्न विचारा, ‘काटा आणलाय का?’