हजेरी

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत मुलाकडे होते. नातीला पाळणाघरात सोडण्याचं काम सुनेचं. एके दिवशी तिला लवकर जायचं होतं, म्हणून मुलगा बाळाला घेऊन निघाला. नात मागच्या सीटवर झोपली आणि हा रोजच्या रस्त्याने सरळ ऑफिसात! थोड्या वेळाने पाळणाघरातून फोन आला, "आज बाळ येणार नाही का?" हा धावतच खाली गेला. पोर घामाने निथळत होती, पण सुखरूप होती.

मला कळलं तेव्हा मी म्हणाले, "पोटची पोर कशी रे विसरलास?" तो काहीच बोलला नाही. ते वाक्य आज मलाच टोचतं.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. अमेरिकेत १९९८पासून दर वर्षी सरासरी सदतीसच्या आसपास मुलं गाडीतल्या उष्णतेने दगावली आहेत. त्यातली निम्म्याहून अधिक विसरली गेलेली, आणि विसरणारे बहुतेक चांगले, मायाळू आईबाप. रोजच्या वाटेवर मेंदू सवयीने चालतो. 'आज बाळ बरोबर आहे' ही नवी गोष्ट मागे पडते. झोप झालेली नसेल तर जास्तच. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. काच थोडी खाली ठेवून विशेष फरक पडत नाही.

इटलीने २०१९मध्ये चार वर्षांखालच्या मुलांसाठी गाडीत इशारा देणारं यंत्र सक्तीचं केलं. आपण निदान पर्स किंवा मोबाईल मागच्या सीटपाशी ठेवावा. बाळ बरोबर नसलं तरी उतरताना मागचं दार उघडून पाहावं. आणि उभी गाडी कुलूपबंद ठेवावी. नागपुरात जून २०२३मध्ये खेळायला गेलेली तीन मुलं एका उभ्या गाडीत मृत सापडली, हे विसरून चालणार नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हजेरीचा उपाय. मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली. गैरहजर मुलापुढे खूण केली की धडा सुरू. घरी लगेच कळवावं असं कधी सुचलं नाही. त्या पाळणाघरातल्या बाईंनी मात्र फोन केला, म्हणून आज नात माझ्याशी फोनवर बोबडं बोलते. आपल्याकडच्या प्रत्येक पाळणाघराने, बालवाडीने एवढं करावं: न कळवता मूल आलं नाही, की लगेच घरी फोन.

माया असली की विसर पडत नाही, असं मी समजत होते. माया असूनही पडतो. म्हणून तर कुणीतरी विचारणारं हवं.