जुन्या गेमचे २० फ्रेम्स ६० होतात कसे, आणि कायद्याची अडचण कुठे येते?

‘माझा पीसी निन्टेन्डो ६४ पेक्षा कितीतरी पट वेगवान आहे, मग त्यावर तो गेम २० एफपीएसलाच का अडकतो?’ इम्युलेटर वापरणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. ‘झेल्डा: मेजोराज मास्क’ (२०००) घ्या. हा गेम टीव्हीच्या दर तीन रिफ्रेशला एकच फ्रेम काढतो. ६० भागिले ३, म्हणजे २०. युरोपातल्या ५० हर्ट्झच्या आवृत्तीत तर १७ पेक्षाही कमी. शिवाय हालचालींचा हिशोबही फ्रेम मोजून होतो. त्यामुळे जबरदस्तीने ६० केले तर सगळा गेमच तिप्पट वेगाने पळतो. इथे तुमचा प्रोसेसर कितीही दणकट असून उपयोग नाही.

मे २०२४ मध्ये आलेल्या ‘झेल्डा ६४: रीकम्पाइल्ड’ने वेगळी वाट काढली. इम्युलेटर हा दुभाषी, गेम चालू असताना भाषांतर करणारा. इथे मात्र कन्सोलच्या सूचनांचं आधीच सी भाषेत रूपांतर होतं आणि त्यातून सरळ पीसीचा प्रोग्राम बनतो.

फ्रेम्स वाढवण्याचं काम आरटी६४ नावाचा रेंडरर करतो. गेमचं लॉजिक २० वरच राहतं. दोन फ्रेम्समध्ये प्रत्येक वस्तू कुठून कुठे सरकली ते पाहून हा रेंडरर मधल्या जागा काढतो आणि तिथले फ्रेम्स नव्याने रंगवतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग तयार चित्र बघून अंदाज मारतं, म्हणून कडा वितळल्यासारख्या दिसतात. इथे थ्रीडीचे आकडेच हातात असतात. पण मागच्या फ्रेममधली वस्तू या फ्रेममधली नेमकी कोणती, ही जुळणी चुकली की चित्र भलतीकडे ओढलं जातं. त्यासाठी गेमच्या कोडमध्ये खुणा घालाव्या लागल्या. चाहत्यांनी आधीच कोड उलगडून ठेवला होता म्हणून हे जमलं. माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे.

अर्थात, चित्र गुळगुळीत झालं तरी गेमचं जग पुढे सरकतं ते सेकंदाला २० वेळाच.

हीच कल्पना मार्च २०२५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या ‘सॉनिक अनलीश्ड’पर्यंत पोचली. आता प्रश्न कायद्याचा. मार्च २०२४ मध्ये स्विच इम्युलेटर ‘युझू’च्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर मान्य करून निन्टेन्डोशी तडजोड केली. तिथे मुद्दा कुलूप तोडण्याचा होता, इथे तो नाही. पण रीकम्पाइल केलेल्या प्रोग्रामबद्दल मला वेगळीच धाकधूक वाटते. इम्युलेटरमध्ये गेमचा एक बाइटही नसतो. झेल्डाच्या तयार डाउनलोडमध्ये चित्रं-आवाज नाहीत, त्यासाठी रॉम तुमचीच लागते. मात्र गेमचा कोड, रूपांतरित का होईना, त्यात असतो. सोर्स घेऊन आपल्याच रॉमवरून स्वतः बिल्ड केलं, तर निदान तो कोड दुसऱ्या कुणाकडून घ्यावा लागत नाही.