जरा झोप लागेल, बस्स

मराठीतला 'भूल' हा शब्द मला फार आवडतो. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोह, भूल पडणे म्हणजे विसर पडणे किंवा वाट चुकणे (रानात पडते ती रानभूल), आणि भूल देणे म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ करतात ते. क्लोरोफॉर्म आपल्याकडे आल्यावर ज्या कुणी त्यासाठी हा शब्द पहिल्यांदा वापरला असेल त्याला माझा दंडवत. कारण त्यात 'विसर' आहे. आणि सगळी गोम तिथेच आहे.

गंमत अशी की हल्ली छोट्या तपासण्यांच्या वेळी हा शब्द कुणी उच्चारतच नाही. एंडोस्कोपी असो, कोलोनोस्कोपी असो, "जरा झोप लागेल, बस्स. काही कळणार नाही." पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात तासभर बसा, हे वाक्य कानावर पडेलच. माझं भांडण या वाक्याशी आहे. डॉक्टरांशी नाही, औषधाशी तर मुळीच नाही.

कारण बऱ्याचदा ती झोप नसतेच.

अशा तपासण्यांना जी गुंगी देतात त्यात मिडाझोलाम नावाचं औषध नेहमीचं. बरोबर कधी कधी फेंटानिलसारखं वेदना कमी करणारं. मिडाझोलाम शिरेतून गेलं की माणूस शांत होतो, डोळे जड होतात, पण हाक मारली तर ओ देतो. "कूस बदला" म्हटलं तर बदलतो. दुखलं तर "आई गं" म्हणतो. फक्त नंतर त्याला यातलं काही आठवत नाही. टेपरेकॉर्डर चालू आहे पण आत कॅसेटच नाही, तसं काहीसं. प्रोपोफोलची गोष्ट वेगळी. ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन. त्याने माणूस खरोखर गाढ जातो आणि औषध थांबवलं की काही मिनिटांत जागा होतो. पण त्याने श्वासही मंदावतो, आणि मिडाझोलामवर जसा उतारा आहे तसा त्यावर नाही. म्हणून श्वास आणि नाडीवर डोळा ठेवायला भूलतज्ज्ञ लागतात आणि बिलात एक ओळ वाढते. (मायकेल जॅक्सन २००९ साली गेला तो याच औषधाने. ते घरच्या बेडरूममध्ये झोप यावी म्हणून घेतलं जात होतं. औषध तेच, जागा चुकीची.)

तर झालं असं, की माझ्या आईची कोलोनोस्कोपी होती. आदल्या दिवशीचं ते दोन लिटर पाणी पिण्याचं प्रकरण तुमच्यापैकी ज्यांनी भोगलंय त्यांना मी सांगायला नको. आई म्हणाली, "यापेक्षा एकादशी बरी, निदान साबुदाणा तरी मिळतो." सकाळी दवाखान्यात गेलो. सिस्टरनी तिला आत नेलं. डॉक्टर स्वभावाने चांगले होते. "आजी, झोप लागेल, उठाल तेव्हा सगळं झालेलं असेल," म्हणाले. मी बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं.

दहाएक मिनिटांनी आतून आईचा आवाज आला. कण्हणं नव्हे, शब्द. "नको हो, नको, थांबा." मग सिस्टरचा आवाज, "झालं आजी, झालं, लांब श्वास घ्या." मग परत आई. हे किती वेळ चाललं ते मी घड्याळात पाहिलं नाही. दाराला हात लावला आणि तशीच उभी राहिले. ढकलून आत जाण्यासारखं काही चाललेलं नव्हतं. आतड्याच्या वळणावर नळी अडते, हवा भरल्यामुळे पोट ताणतं, तेव्हा कळ येते, ती थोडा वेळ असते, हे मला वाचून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि आईचा आवाज ऐकणं यांत फरक आहे.

अर्ध्या तासाने आई बाहेर आली. चेहरा टवटवीत. "छान झोप लागली गं. कधी सुरू झालं आणि कधी संपलं कळलंच नाही." चहा-बिस्किट मागितलं. घरी जाताना रिक्षातून दोनदा फोन करून दोन जावांना सांगितलं, की अजिबात घाबरायचं कारण नाही, काही दुखत नाही.

मी तिला आजपर्यंत काही बोललेले नाही. (आई हे वाचत नाही. मामी, तू वाचतेस, तर कृपा करून तोंडात गूळ धर.)

आता प्रश्न असा की आईला दुखलं का? ती म्हणते नाही. मी ऐकलं, हो. डॉक्टरांच्या दृष्टीने रुग्ण समाधानी, तपासणी पूर्ण, रिपोर्ट चांगला. डॅनिएल कानेमन हे २००२ चे अर्थशास्त्रातले नोबेलवाले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि डोनाल्ड रेडेलमायर नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांनी नेमका कोलोनोस्कोपीच्या रुग्णांवरच अभ्यास केला होता. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. तपासणी चालू असताना रुग्णांना दर मिनिटाला विचारायचं, आत्ता किती दुखतंय? आणि नंतर विचारायचं, एकूण कसं होतं? तर लोकांच्या आठवणीत राहिली ती सर्वांत जास्त दुखलेली वेळ आणि शेवटची काही मिनिटं. तपासणी किती लांबली याला आठवणीत जवळजवळ काही किंमतच नव्हती. पुढे २००३ साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांच्या बाबतीत शेवटी नळीचं टोक थोडा वेळ न हलवता तसंच आत ठेवलं. म्हणजे त्रास एकूण जास्त वेळ, पण शेवट सौम्य. त्या लोकांना तपासणी कमी त्रासाची वाटली! वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. बाकावर बसले तेव्हा नाही आलं.

म्हणजे भोगणारी आई वेगळी आणि आठवणारी आई वेगळी, असं म्हणायचं. आठवणाऱ्या आईची सोय उत्तम झाली. भोगणाऱ्या आईला कुणी विचारलं नाही, कारण ती फक्त अर्धा तासच होती.

गुंगी देऊ नका असं मी म्हणत नाही हं. विसर ही मोठी दया आहे, आणि वाईट आठवण नसली की माणूस पुढच्या तपासणीला कुरकुर न करता येतो, ही काही लहान गोष्ट नाही. माझं म्हणणं एवढंच, की "झोप लागेल" ऐवजी "तुम्ही जाग्या असाल, थोडं दुखेलही, पण बहुधा आठवणार नाही. चालेल का? की जास्त गाढ हवी? की नकोच?" असं विचारायला एक मिनिट लागतं. आई बहुतेक 'चालेल' म्हणाली असती. तिने दोन बाळंतपणं काढली आहेत, तीही काही न देता. पण तिने ते म्हणायला हवं होतं, आणि फॉर्मवर सही तिने करायला हवी होती. सही केली मी. फॉर्म इंग्रजीत होता, आई जन्मभर मराठी शाळेत शिकवत होती, आणि काउंटरवरच्या मुलाने पेन सरळ माझ्याकडे दिलं, जणू शेजारी उभी असलेली बाई पार्सल आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. निकाल जानेवारी २००८ चा. दिल्लीत एका बाईला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलेत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं, की रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जीवावर बेतलेलं नाही, तर आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे. आणि संमती घ्यायच्या आधी काय करणार, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, हे रुग्णाला पुरेसं समजलं पाहिजे. नातेवाइकाला नव्हे, रुग्णाला. इतकं स्पष्ट असूनही पेन अजून नातेवाइकाकडेच जातं.

आणि आपल्या पुण्यातच बघा ना. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्यात कैदी होते. अपेंडिक्स बळावलं म्हणून त्यांना ससूनला आणलं. कर्नल मॅडॉक सर्जन. क्लोरोफॉर्म देण्याआधी कैद्याचं निवेदन लिहून घेतलं गेलं, की शस्त्रक्रियेला माझी संमती आहे, या डॉक्टरांवर विश्वास आहे. श्रीनिवास शास्त्री तिथे हजर होते. निवेदन वाचून दाखवलं, मग गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली. 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टरांवर आसूड ओढणारा माणूस! पुढे ऑपरेशन चालू असताना वादळाने वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला तो भाग सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र ती सही महत्त्वाची वाटते. सरकारला अर्थात पुढच्या गदारोळाची धास्ती होती, प्रेमापोटी कुणी ते केलं नाही. तरीसुद्धा पेन कैद्याच्या हातात होतं.

असो. खरा पुणेरी प्रश्न याहून वेगळाच आहे. "सोबत कोण आहे?"

गुंगी घेतली की त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत, आणि घरी न्यायला कुणीतरी हवं. नियम रास्तच आहे. पण कोथरूड, सहकारनगर, औंध इथल्या किती घरांत आज सकाळी दहा वाजता रिकामं माणूस आहे? मुलगा सॅन होजेला, मुलगी मेलबर्नला, शेजारचे नोकरीवर, आणि वॉचमनला सांगायचं कसं की मला दवाखान्यातून आणायला या? मग साहजिकच उत्तर येतं, "डॉक्टर, मला गुंगी नको, नुसता घशात स्प्रे मारा." पोटाच्या एंडोस्कोपीला तो कडू स्प्रे चालतोही. मी स्वतः तशीच करून घेतली आहे. पाच-सात मिनिटं उमाळे, डोळ्यांतून पाणी, लाळ, आणि खांद्यावर सिस्टरचा हात. त्या हाताची किंमत मला अजून आठवते. पण माझी ती निवड होती. नंतर ऑफिसला जायचं होतं आणि पडद्यावर स्वतःचं पोट बघायची हौस होती. सोबतीला कुणी नाही म्हणून घेतलेला निर्णय ही निवड नव्हे. आणि मग कट्ट्यावर त्याचंच पदक होतं, "आपण तर भूलबिल काही घेतली नाही बुवा!"

लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीला तपासणीच्या तीन आठवडे आधी घरी माहितीपत्रक आलं होतं. स्प्रे की गुंगी, दोन्हींचं बरंवाईट, आणि गुंगी घेणार असाल तर चोवीस तास सोबत कोण राहील त्याची आधी सोय करा. आधी! अंगावर गाऊन चढवून, चष्मा काढून, सलाईनची सुई टोचल्यावर नव्हे. आपल्याकडे अपॉइंटमेंटच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये 'रिकाम्या पोटी यावे' येतं, त्यातच चार ओळी मराठीत वाढवायला कितीसा खर्च येणार?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी मावशी. वय चौऱ्याहत्तर, एकटी राहते, दोन्ही मुलं परदेशात. गेल्या वर्षी तिने एंडोस्कोपी गुंगीशिवाय केली, एकटी रिक्षाने गेली, एकटी आली, आणि आम्हाला दिवाळीत फराळाच्या वेळी सांगितलं. "तुम्हाला कशाला रजा टाकायला लावायची?" आता पुढच्या महिन्यात तिची कोलोनोस्कोपी आहे. मी दोन दिवसांची रजा टाकली आहे आणि तिला फोनवर मिडाझोलाम, प्रोपोफोल, विसर, सगळं सांगितलं. आईच्या आवाजाचंसुद्धा सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला विचार करू दे."

अजून तिचा फोन आलेला नाही.