सावलीचे तिकीट

२४ ऑक्टोबर २०२४. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. दुपारी प्रेक्षक घोषणा देऊ लागले, पण त्या कोणा खेळाडूच्या नावाने नव्हत्या. डोक्यावर कडक ऊन होते, बहुतेक आसनांवर छप्पर नव्हते आणि प्यायला पाणीही मिळत नव्हते. पुढे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला प्रेक्षकांची माफी मागावी लागली.

हे स्टेडियम काही जुनेपुराणे नाही. ते २०१२ मध्ये सुरू झाले. म्हणजे प्रश्न जुन्या बांधकामाचा नाही, प्रेक्षकाला आपण काय समजतो याचा आहे.

सामन्याला जाताना दारावर पाण्याची बाटली काढून घेतात. मैदानात कोणी ती फेकू नये, म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्याने बाटली काढून घेतली, त्याच्यावरच आत पाणी देण्याची जबाबदारी येते. हा उपकार नव्हे, साधा व्यवहार आहे.

मनात आणले तर काय करता येते, हे मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर दिसते. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली, तेव्हा प्रेक्षकांवर हलक्या, उष्णतारोधक टेफ्लॉन कापडाचे छप्पर आले. मधे खांब नाहीत, त्यामुळे खेळ अडत नाही. गरम हवा बाहेर काढायला वर पंखे बसवले. अर्थात, छप्पर म्हणजे पूर्ण बचाव नव्हे. कोणत्याही मैदानावर तिरपा पाऊस पुढच्या रांगांना भिजवतोच आणि उतरते ऊन छपराखालून आत येतेच.

म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी तिकीट काढताना दिशा पाहावी. पूर्वेकडच्या गॅलरीत बसलो, तर तोंड पश्चिमेला होते आणि दुपारनंतरचे ऊन थेट डोळ्यांवर येते. पश्चिमेकडच्या गॅलरीत तेच ऊन पाठीशी जाते आणि मागे उंच बांधकाम असेल, तर सावलीही लवकर मिळते. मुलांच्या डोक्यावर टोपी हवी, अंगात सुती कपडे हवेत. तहान लागण्याची वाट न पाहता त्यांना थोडे थोडे पाणी पाजावे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली, तर सामना सोडून आधी सावलीत न्यावे.

पण सगळी काळजी प्रेक्षकानेच का घ्यायची? तिकिटावर प्रवेशद्वार, रांग, आसन क्रमांक सगळे छापलेले असते. या आसनावर छप्पर आहे की नाही, एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? मुंबईजवळ एक लाख प्रेक्षकांचे नवे स्टेडियम बांधण्याची चर्चा चालू आहे. त्याची क्षमता सांगताना त्यातल्या किती जणांना सावली मिळणार, किती नळ आणि महिलांसाठी किती स्वच्छतागृहे असणार, हेही सांगितले पाहिजे. आणि स्वस्त तिकिटाच्या गॅलरीत काय असेल, ते सर्वांत आधी.

कारण सोय नसली की घरात आपोआप वाटणी होते. अब्बा आणि मोठा मुलगा सामन्याला जातात. अम्मी, दादी आणि धाकटी मुलगी टीव्हीसमोर बसतात. त्यांना क्रिकेट आवडत नाही, असे मग आपणच ठरवून टाकतो. एकदा सावलीतले तिकीट काढून त्यांना विचारून पाहा.