वाघाची बातमी झाली, घोरपडीचे काय?

विशेष प्रतिनिधी

धाराशिव : डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आढळला आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा वन्यजीवांच्या नकाशावर आला. याच बालाघाटाच्या डोंगरांत आणि शेतांच्या बांधांवर वावरणाऱ्या घोरपडीला मात्र अशी प्रसिद्धी कधी लाभली नाही. वास्तविक, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आणि घोरपड शेजारीच आहेत. शिकारीसाठी किमान तीन वर्षांचा कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपयांचा दंड, ही शिक्षाही समान आहे.

घोरपडीच्या आहारात मोठा वाटा असतो तो भुंगेरे आणि त्यांच्या अळ्यांचा. ऊस व सोयाबीनच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी. याखेरीज उंदीर, खेकडे, बेडूक, साप, पक्ष्यांची अंडी आणि मेलेली जनावरेही तिला चालतात. एकटी घोरपड कीड आटोक्यात आणील असे नव्हे. परंतु कीड खाणाऱ्या आणि सडके मांस संपविणाऱ्या साखळीतील ती एक महत्त्वाची कडी आहे. तिची पिले शिकारी पक्षी, साप व मुंगसांचे भक्ष्य ठरतात. पावसाळ्यात ती बिळात किंवा वारुळात अंडी घालते. बांध कोरून सपाट केले आणि वारुळे मोडली, की तिचा आसराच जातो.

दुसरे संकट माणसाच्या समजुतींचे. तिचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असल्याच्या समजापायी तिची हत्या होते. ‘हत्थाजोडी’ नावाने विकली जाणारी कथित दुर्मिळ मुळी ही प्रत्यक्षात नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये असल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले. धनलाभाच्या आशेने ती इंटरनेटवरून मागविणारा ग्राहक बहुधा शहरातलाच, हे विसरता येत नाही.

परंपरा बदलू शकते, याचे उदाहरण गोव्याने दिले आहे. तेथील घुमट या वाद्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. आता बकरीच्या कातड्याचे घुमट वाजते आणि २०१९ मध्ये त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. आपल्याकडे वाघ्यांच्या दिमडीलाही पूर्वी घोरपडीचेच कातडे असे. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला मानणाऱ्या या जिल्ह्याला गोव्याचा मार्ग अपरिचित वाटू नये.

वाघासाठी अभयारण्य, पिंजरे आणि पथके असतात. घोरपड मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर, शेतकऱ्याच्या शिवारात राहते. म्हणूनच तिचे रक्षण केवळ वनखात्याच्या गस्तीवर सोपविता येणार नाही. बांधावरचे वारूळ राखणारा शेतकरी आणि हत्थाजोडी नाकारणारा ग्राहक, हेच तिचे खरे रक्षक ठरतील.