जंताची गोळी दिली, जंत कोणी पाहिले?

जंतनाशक दिनाला मुलाने बाईंसमोर गोळी चावून खायची आणि वर पाणी प्यायचे, हे रायगडातल्या पेण-रोह्याच्या शाळा-अंगणवाड्यांना आता सवयीचे झाले आहे. देशात २०१५ पासून ही मोहीम चालू आहे. १ ते १९ वर्षांच्या प्रत्येकाला ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी गोळी. राष्ट्रीय तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, महाराष्ट्रात त्या मागेपुढे होतात. गोळी स्वस्त आणि सुरक्षित आहे. शौच न तपासता ती सरसकट वाटणेही जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याला धरूनच आहे: जिथे २० टक्क्यांहून जास्त मुलांच्या पोटात जंत असतील तिथे एकेकाला तपासत बसू नका, सगळ्यांना द्या. तेव्हा मोहिमेवर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्या आडून अंगवळणी पडणाऱ्या समजुतीवर. जंत म्हटले की गोळी, गोळी दिली की विषय संपला. कोणाच्या पोटात नेमके काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची गरजच मग वाटेनाशी होते.

या मोहिमेतून सुटते कोण, ते पाहा. अंकुशकृमीची अळी ओलसर, सावलीतल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते, रक्तावाटे फुप्फुसात जाते, तिथून घशात, आणि गिळली गेली की लहान आतड्याला चिकटून रक्त पिऊ लागते. अंकुशकृमीच्या नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात असे शंभर असतील तर महिन्याला ९० मिलिलिटर, म्हणजे एरवी पाळीत जाते त्याहून जास्त. इतके जंत पोटात असलेली बाई पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी दवाखान्यात दम लागतो म्हणून आली तर तिचे हिमोग्लोबिन पाहिले जाईल, लोहाच्या गोळ्या मिळतील. गरोदर असेल तर दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळीही मिळेल. पण ती चाळिशीची, आवणीला मजुरीने जाणारी असेल, तर शाळेतल्या गोळीशी तिचा संबंध नाही आणि तिची शौचाची डबी कोणी मागेलच असे नाही. कातकरी वाड्यांत तर वयोगटात बसणारी मुलेही निसटतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीतली गोळी शाळेत येते तेव्हा वाडीत कुलपे असतात.

दुसरी गोष्ट गोळीच्या ताकदीची. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोल जंत सुमारे ९५ टक्के लोकांत जातात, अंकुशकृमी ८० टक्क्यांच्या आसपास, चाबूककृमी मात्र जेमतेम ३० टक्क्यांत. जिआर्डिया आणि आमांशाचा अमीबा यांना वेगळे औषध लागते. कोकणाला याचा धडा जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचे मूळ गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२ साली उजेडात आणले: लघवीत शिस्टोसोमा या कृमीची अंडी होती. हा आफ्रिकेतला रोग, आपल्याकडे नाही, असेच तोवर सगळे धरून चालले होते. त्या गावाला आजची जंताची गोळी कितीही वाटली असती तरी उपयोग शून्य. त्या कृमीला प्राझिक्वाँटेल लागते, आणि तो आहे हे कळायला लघवी पाहावी लागते.

यावर अर्थशास्त्राचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: तपासणीचा खर्च गोळीपेक्षा जास्त, मग तपासायचे कशाला? मुलांच्या मोहिमेपुरते हे मान्य. पण सरसकट वाटपाच्या फळाबद्दलचा पुरावाही डोळे उघडे ठेवून वाचायला हवा. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेल्या ‘देवता’ या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, सहा महिन्यांनी एकदा अल्बेंडाझोल देऊन मुलांच्या मृत्यूंत किंवा वजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचाही सूर तसाच. मोहिमेचे समर्थक म्हणतात, ज्यांच्या पोटात जंत नव्हते किंवा थोडेच होते त्यांच्या गर्दीत खऱ्या आजाऱ्यांचा फायदा सरासरीत बुडून जातो. बरोबर आहे, पण मग खरे आजारी कोण, हे तपासल्याशिवाय कसे कळणार? पेणच्या खारेपाटातल्या खाऱ्या जमिनीत अंकुशकृमीच्या अळीला तग धरणे जड जाते, डोंगराकडच्या वाड्यांभोवतीची माती तिला मानवते. राज्याच्या सरासरीला हा फरक दिसणार नाही. हिवतापाच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य केले आहे. ताप दिसला की अंदाजाने क्लोरोक्विन देण्याची पद्धत सरकारने सोडली. आज आरोग्यसेवक घरी येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतो, आणि औषध ठरते ते त्यात कोणता जंतू निघाला यावर.

तपासणी चुकते, हा आक्षेप डॉक्टरमंडळींचा. खरा आहे. घाईत पाहिलेल्या काचेवर निरुपद्रवी अमीबाही रोगकारक ठरतो, आणि मेट्रोनिडाझोलचा विनाकारण मारा होतो. पण वाईट तपासणीवरचा उपाय नीट तपासणी. काडीच्या गुलाएवढे शौच, काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. अंकुशकृमीचे पातळ कवचाचे, आत चार-आठ पेशी दिसणारे अंडे एकदा ओळखू आले की सहसा चुकत नाही. अंडी थोडी असतील तर मिठाच्या संपृक्त पाण्यात शौच कालवून बाटली काठोकाठ भरायची आणि तोंडावर काचपट्टी टेकवून वीसेक मिनिटे थांबायचे. अंडी तरंगून काचेला चिकटतात. मिठागरांच्या तालुक्यात मीठ तरी महाग नाही. अट एवढीच की नमुना ताजा हवा. अमीबाची हालचाल तासाभरात थांबते, अंकुशकृमीची अंडी दिवसा-दोन दिवसांत फुटतात, त्यामुळे डब्या गाडीत घालून दूरच्या प्रयोगशाळेत धाडणे हे या कामाचे नाहीच. प्राथमिक आरोग्य केंद्रातच शौचात अंडी आणि सिस्ट पाहावेत, असे भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत लिहिलेले आहे. लोक लाजतात, डबी आणत नाहीत, हेही खरे; पण थुंकीची डबी आणायला क्षयरोगाच्या कार्यक्रमाने लोकांना शिकवलेच ना!

उरला तो संडास आणि पाण्याचा मुद्दा: जंत परत येणारच, मग तपासून तरी काय? संडास हवेतच, आणि पाण्याअभावी ते वापराविना पडले असतील तर आधी पाणी हवे. पण ते कुठे कमी पडते आहे हेही तपासणीच सांगेल. ऑगस्टमध्ये कुटुंबे वाडीवर असतात. तेव्हा रक्त कमी असलेल्या मोठ्या माणसांच्या डब्या घ्याव्यात, ज्यांत अंडी निघतील त्यांना औषध द्यावे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. अंडी तशीच असतील तर औषधाने काम केले नाही. या फेरतपासणीत साफ निघून सहा महिन्यांनी, भट्टीवर गाठून घेतलेल्या नमुन्यात ती पुन्हा दिसली, तर दोष औषधाचा नाही, भट्टीवर संडास नसल्याचा आहे, आणि तो जाब भट्टीमालकाला विचारायचा आहे.